गाण्यातले मासे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जुन्या इंग्रजी गाण्यांच्या ओळींत आणि गायकांच्या नावांत मासे घुसवून केलेल्या काही कोट्या मी तुला कळवल्या होत्या, त्यांवर ‘हा निव्वळ पोरखेळ आहे’ असा शेरा मारून तू मोकळा झालास. मला तो शेरा मान्य नाही, आणि का नाही हे सविस्तर लिहिल्यावाचून चैनही पडणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कोट्यांतही डावे-उजवे असते, आणि मूळ गाण्याची मोडतोड जितकी कमी, तितकी कोटी सरस.

आधी डावी कोटी सांगतो. ‘साउथ पॅसिफिक’ या 1949 सालच्या ब्रॉडवे संगीतिकेत ‘सम एनचांटेड ईव्हनिंग’ हे गाणे आहे. इंग्रजी भाषकांनी त्याचे ‘सॅमन-चांटेड ईव्हनिंग’ केले. कानाला गंमत वाटते, परंतु ‘सम’चा स्वर ओढूनताणून ‘सॅ’ करावा लागतो, आणि एवढे करूनही हाती काही लागत नाही, कारण सॅमनने भारलेली संध्याकाळ म्हणजे काय, याला उत्तर नाही. शिवाय तो मासा मूळचा उत्तर गोलार्धातला आणि नाटक घडते दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर! तुझा ‘पोरखेळ’ हा शब्द मी इथपर्यंत सोसायला तयार आहे.

पण ‘दॅट्स अमोरे’चे काय? डीन मार्टिनने 1953 साली ‘द कॅडी’ या चित्रपटात गायलेले हे गाणे तू माझ्याकडेच ऐकले आहेस. त्याची बांधणी आठवून पाहा. प्रत्येक ओळ एक अवस्था सांगते, म्हणजे चंद्र डोळ्यांत पिझ्झाएवढा भरला, किंवा पोटात गेलेल्या मद्याने जग झळाळू लागले, आणि मग चाल जिथे विसावते तिथे निर्णय येतो, की हेच प्रेम, हेच ‘अमोरे’. आता इंग्रजीत ‘मोरे’ हे वामेच्या नात्यातल्या, खडकांच्या आणि प्रवाळांच्या कपारींत राहणाऱ्या एका लांबट, दातेरी माशाचे नाव आहे. ‘अमोरे’ एका दमात न म्हणता ‘अ’ आणि ‘मोरे’ असे तोडले, की ‘हे प्रेम आहे’ याचे ‘हा मोरे मासा आहे’ असे होते. अक्षर बदलत नाही, मात्रा बदलत नाही, आणि आघातही दोन्हीकडे ‘मो’वरच पडत असल्यामुळे तीन मात्रांच्या त्या झोक्याला कुठेही धक्का लागत नाही. मूळ शब्द इटालियन असल्याने इंग्रजी कानाला त्याची सांधेजोड तितकीशी पक्की वाटत नाही, म्हणून तो इतक्या सहज उकलतो, असा माझा तर्क आहे. देवनागरीत लिहिल्यावर तर हा मासा थेट आपल्याकडच्या मोरे आडनावाच्या पंगतीला येऊन बसतो. मला त्याचा विलक्षण आनंद होतो.

शाळेत आपण सभंग श्लेषाचे उदाहरण पाठ केले होते, ते तुला आठवत असेलच : ‘श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न-वरी’. ‘नवरी’ तोडून ‘न वरी’ करणे आणि ‘अमोरे’ तोडून ‘अ मोरे’ करणे यांत कारागिरीचा काय फरक आहे, ते तूच मला सांग. एकाला अलंकार म्हणून गुण द्यायचे आणि दुसऱ्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारायचे, हा न्याय नव्हे.

या गाण्याला लोकांनी नव्या ओळी जोडत नेल्या आहेत, कारण गाण्याचा साचाच व्याख्येचा आहे : आधी लक्षणे सांगायची आणि मग नाव घ्यायचे. कपारीत हात घातला आणि कोणी कडकडून चावले, तर तो मोरे. या विडंबनाच्या एका कडव्यात जबडा उघडल्यावर आत आणखी एक जबडा दिसतो, आणि ते कडवे मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यातली गोष्ट अक्षरशः खरी आहे. बहुतेक मासे तोंड झटकन उघडून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतात, पण मोरेला ते ओढणे फारसे जमत नाही. तो पुढच्या दातांनी भक्ष्य धरतो, आणि मग त्याच्या घशातली जबड्यांची दुसरी जोडी पुढे येऊन ते पकडते आणि अन्ननलिकेकडे खेचून नेते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अतिवेगवान चित्रणातून हे टिपले आणि 2007 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. प्राणिशास्त्रातला एवढा मोठा विशेष एखादी कोटी चालीचा तोल न ढळू देता सांगून जात असेल, तर तिला मी नमस्कार करतो.

गायकांच्या नावांवरच्या कोट्या तुलनेने सोप्या असतात. टीना टर्नरची ‘टूना टर्नर’ किंवा रॉड स्ट्यूअर्टचा ‘कॉड स्ट्यूअर्ट’ होतो आणि आपण हसून पुढे जातो. मार्व्हिन गे याचा ‘मार्लिन गे’ मला अधिक आवडतो, कारण एकच व्यंजन हलते आणि पूर्ण मासा हाती येतो. रे चार्ल्सच्या बाबतीत तर काहीच करावे लागत नाही. आपण ज्याला पाकट म्हणतो त्याला इंग्रजीत ‘रे’ म्हणतात, म्हणजे हा थोर गायक नावातच मासा घेऊन जन्माला आला. हा शुद्ध अभंग श्लेष झाला.

मात्र याच्याही पुढची एक पायरी आहे, आणि तुला पटवण्यासाठी मी ती राखून ठेवली होती. टेक्सासमधल्या जेमी इंडस्ट्रीज या कंपनीचा ‘बिग माउथ बिली बास’ नावाचा रबरी मासा 2000 सालच्या सुमारास अमेरिकेत घरोघर पोहोचला. बास हा गोड्या पाण्यातला मासा आणि बेस म्हणजे खर्जातला आवाज, यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच असले तरी उच्चार वेगळे आहेत, त्यामुळे या नावात कोटी शोधलीच तर ती डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येत नाही. खरी गंमत त्याच्या गाण्यात आहे. गळाला लागलेला मोठा मासा भुसा भरून शिकारीचे चिन्ह म्हणून फळीवर बसवतात, तसा हा दिसतो. समोरून कोणी गेले की त्याची शेपटी फळीवर आपटू लागते, आणि मग तो मान फळीपासून वळवून थेट आपल्याकडे तोंड करतो आणि गातो : ‘टेक मी टू द रिव्हर’. अल ग्रीनचे 1974 सालचे हे गाणे प्रेमाचे आहे आणि नदीत बुडवून देण्याच्या बाप्तिस्म्याचेही आहे. अल ग्रीन स्वतः पुढे मेम्फिसमध्ये धर्मोपदेशक झाला. ‘मला नदीवर ने’ ही ओळ माणसाच्या तोंडी आर्त प्रार्थना असते. फळीवर ठोकलेल्या माशाच्या तोंडी तीच ओळ सरळ, रोखठोक मागणी होते. इथे एकही अक्षर बदललेले नाही, तुटलेले नाही, दोन अर्थांचा शब्दही नाही. फक्त वक्ता बदलला आहे. वाच्यार्थापलीकडचा अर्थ कशामुळे उमगतो हे सांगताना संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने वक्त्याचे वैशिष्ट्य सर्वांत आधी घेतले आहे, ते उगीच नव्हे. या खेळण्याने ते तत्त्व दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगले, असे मी गंभीरपणे म्हणतो.

आता आपल्याकडे वळतो. येसुदासांनी ‘सदमा’मध्ये गायलेली ‘सुरमई अंखियों में’ ही अंगाई तुझ्या अत्यंत आवडीची आहे. गुलजारांच्या त्या ओळीत सुरमई म्हणजे सुरम्याच्या रंगाची, परंतु कोकणात वाढलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द पडला की त्याला तव्यावरची तुकडी दिसल्यावाचून राहत नाही. इथेही शब्द जसाच्या तसा राहतो, फक्त ऐकणारा बदलतो. तेव्हा ज्याला तू पोरखेळ म्हणतोस, तो तुझ्या स्वतःच्या कानांत वर्षानुवर्षे चालू असणार, याविषयी मला शंका नाही.

माझी तुला एक विनंती आहे. ‘हलवा’ हा आपला मासा आहे, संक्रांतीला वाटायचा गोड पदार्थ आहे, आणि होडी पाण्यात लोटताना दिलेली आज्ञाही आहे. एवढा श्रीमंत शब्द इंग्रजांकडे असता, तर त्यांनी त्यावर किती गाणी रचली असती! तुला चालीची जाण आहे आणि मासळीबाजारही ओळखीचा आहे. सहा मात्रांत बसणारी, ‘हलवा’ या शब्दावर येऊन विसावणारी आणि तीनही अर्थ शाबूत ठेवणारी दोन कडवी तू रचून पाठव. ‘बांगडा’ मी माझ्याकडे घेतला आहे, पण बांगडी आणि भांगडा यांच्या कात्रीत तो अजून नीट बसलेला नाही. तुला काही सुचले तर तेही लिही. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित