मॉनिटरला जुने कन्सोल जोडून देणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकांना

काका,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि तुम्ही जे समजावून सांगितलंत ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल हेही आहेच, कारण जुना कन्सोल कॉम्प्युटरच्या मॉनिटरला लावायला गेलं की बहुतेक सगळे एकाच जागी अडकतात.

टीव्ही बंद पडला, घरात उरला तो जुना मॉनिटर, मागे व्हीजीए (जुनं ॲनालॉग) आणि डीव्हीआय (डिजिटल) ही चित्राची सॉकेट्स, आजच्या टीव्हीला असतं ते एचडीएमआय नाहीच, आणि जोडायचे होते प्लेस्टेशन २ आणि प्लेस्टेशन ३. ज्याला विचारावं तो म्हणायचा कनव्हर्टर घे, कोणता ते कोणी सांगेना. एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी साधी केबल मिळते ती घेऊन टाक, असंही एकाने सांगितलं. तुम्ही केबलचं नावसुद्धा काढलं नाहीत, आधी मॉनिटरचं मॅन्युअल मागितलंत. त्याच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरातला तक्ता होता, हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी (सेकंदाला चित्राच्या किती ओळी काढता येतात ते) ३० ते ८३ किलोहर्ट्झ, म्हणजे ३० ते ८३ हजार, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि म्हणालात, आता हिशोब कर.

तो हिशोब मला तोंडपाठ झालाय. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत, तिचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, गुणाकार १५,६२५, म्हणजे साडेपंधरा किलोहर्ट्झच्या जरा वर. अमेरिका-जपानची एनटीएससी पण साधारण तिथेच. व्हीजीए १९८७ मध्ये आलं, त्याच्या ६४० बाय ४८० च्या चित्रात दिसणाऱ्या ४८० आणि न दिसणाऱ्या धरून एकूण ५२५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे साडेएकतीस. कन्सोल पंधरावर आणि मॉनिटर तीसच्या खालचं काही घेतच नाही, मग स्क्रीनवर "आउट ऑफ रेंज" येणार नाही तर काय. त्यात प्लेस्टेशन २ चे बरेच गेम इंटरलेस्ड, एकदा विषम ओळी, एकदा सम. ती साधी केबल यातलं काहीच बदलत नाही, फक्त तारा इकडच्या तिकडे नेते. काही प्रोजेक्टर व्हीजीएच्या सॉकेटमधून कंपोनंट (तीन तारांतून येणारा) सिग्नल घेतात, तिथे ती चालते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे ती बनवतात तरी कशाला हे कळलं. पिना बसल्या म्हणजे सिग्नल जुळला असं नसतं, हे तुमचं वाक्य त्या केबलच्या पाकिटावरच छापायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग तुम्ही पिवळी पिन बाजूला ठेवायला लावलीत. कंपोझिटमध्ये, म्हणजे त्या पिवळ्या पिनेत, उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, नंतर कितीही महागडा डबा लावला तरी ते पुरते वेगळे होत नाहीत, अक्षरांच्या कडेला रंग सांडलेला दिसतोच. कंपोनंटमध्ये तीन तारा, हिरवी, निळी, लाल. त्याच केबलला आवाजाची लाल-पांढरी जोडी पण असते, म्हणजे लाल पिना दोन! तुम्ही आवाजाच्या लाल पिनेला पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा गुंडाळलात, तो अजून तसाच आहे आणि दर वेळी कामाला येतो. आणि पिवळी काढायच्या आधी कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) वायपीबीपीआरवर (उजेड वेगळा, रंग वेगळे) करून घ्यायला सांगितलंत, नाहीतर रंग भलतेच येतात आणि माणूस केबलला दोष देत बसतो. ज्या गेममध्ये प्रोग्रेसिव्ह स्कॅनची (सम-विषम न करता सगळ्या ओळी एकाच फेरीत काढायची) सोय आहे तिथे गेम सुरू होताना त्रिकोण आणि क्रॉस दाबून धरायचं, हे तर घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मग जोडणी अशी: कंपोनंटवरून एचडीएमआय करणारा डबा, तिथून एचडीएमआय टू डीव्हीआय केबल. इथे मात्र साधी केबल चालते, कारण डीव्हीआयचा डिजिटल व्हिडिओ आणि एचडीएमआयचा व्हिडिओ मुळात एकाच पद्धतीचा. व्हीजीएला लावायचं असतं तर डिजिटलचं ॲनालॉग करणारं सर्किट असलेलाच कनव्हर्टर लागला असता. किती साधा फरक आहे, पण कोणीतरी सांगावा लागतो.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते तुम्ही स्वतः कंट्रोलर हातात घेतलात ते. मला वाटलं चित्र आलं, झालं काम. तुम्ही गेमच्या मेनूतसुद्धा गेला नाहीत, सरळ उडीचं बटण दाबत राहिलात, एकसारखं, आणि नजर स्क्रीनवर. मग म्हणालात उशीर होतोय, जरासाच आहे पण आहे. डबा इंटरलेस्ड ओळी जुळवून चित्र मोठं करतो, त्यासाठी त्याला आधी थोडं चित्र साठवावं लागतं, तेवढा वेळ हातात आणि पडद्यात अंतर पडतं. मग मॉनिटरच्या मेनूतली चित्र सुधारण्याची सगळी नाटकं बंद केलीत, त्यातच आस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ४:३ केलंत, तेव्हा कुठे गेममधल्या माणसांचे चेहरे आडवे पसरायचे थांबले.

प्लेस्टेशन ३ चं काम लवकर उरकलं. त्याच्या एचडीएमआयवर एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) असतं, डीव्हीआय मॉनिटरला ते चालत नसेल तर नुसता काळा पडदा, आमच्या नशिबाने चालत होतं. आवाज डीव्हीआयमधून येईना, तर ऑडिओ मल्टी आउटपुट (आवाज एकाच वेळी दुसऱ्या वाटेनेही सोडायची सेटिंग) चालू करून जुन्याच एव्ही केबलची लाल-पांढरी जोडी थेट स्पीकरला दिलीत. आणि काळा रंग धुक्यासारखा राखाडी दिसत होता तो आरजीबी रेंज फुल केल्यावर एकदम खोल, खरा काळा झाला. टीव्हीसाठीचा सिग्नल १६ ते २३५ मध्ये बसवलेला, मॉनिटरला ० ते २५५ हवं, एवढंच कारण! ते बदलल्यावर भावाने गुहेतली लेव्हल मुद्दाम परत लावून बघितली होती.

हो, आणि लॅपटॉपच्या एचडीएमआयलाच कन्सोल लावू असं भाऊ म्हणत होता तेव्हा तुम्ही हसला नाहीत, ते सॉकेट बाहेर पाठवायचं असतं, आत घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं, हे शांतपणे सांगितलंत. तुम्ही येऊन जोडून निघून गेला असतात तरी आम्ही खूश होतो, पण प्रत्येक तारेपाशी थांबून कारण सांगितलंत, म्हणून परवा मैत्रिणीने डिस्प्लेपोर्टवाल्या (तेही कॉम्प्युटरच्या चित्राचंच एक सॉकेट) मॉनिटरला कन्सोल लावायचंय म्हटल्यावर मी तिला विचारू शकले की ॲडॅप्टर कोणत्या दिशेचा घेतलायस, कारण कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारा उलटा लावून चालत नाही. हे बळ तुमचं आहे काका, आणि त्याबद्दल खूप खूप आभार.

आता व्हीसीआर राहिलाय. जुन्या टेपचा सिंक (ओळींची वेळ जुळवणारा इशारा) डळमळतो आणि कनव्हर्टर मध्येच चित्र सोडून देतो, तुम्ही म्हणाला होतात तसंच होतंय. रविवारी घेऊन खाली येते, मॅन्युअल पण आणते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची