वृद्धाश्रमातली तहान कोण तपासणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा धडधाकट माणसंही दुपारी गळून पडतात. अशा दिवसांत वृद्धाश्रमांतल्या आणि खासगी शुश्रूषागृहांतल्या, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचे किती हाल होतात, ते मी पाहते आहे. मी निवृत्त परिचारिका. ओळखीच्या एका आजींना भेटायला अशाच एका ठिकाणी जात असते.

आजींचा पाण्याचा तांब्या खिडकीत असतो, हात पोचणार नाही असा. पाणी मागितलं की मावशी दोन घोट पाजतात आणि तांब्या पुन्हा खिडकीत ठेवतात. विचारलं तर म्हणाल्या, "जास्त प्यायल्या की सारखं बदलावं लागतंय ओ सिस्टर. रात्री मी एकटीच असते." मला त्या मावशींचा राग आला नाही. सगळ्या खोल्यांचा भार रात्रभर एकाच बाईवर टाकणाऱ्यांचा आला. त्यात या शहरात नळाला रोज पाणी नाही, म्हणजे ओल्या चादरी धुवायचीही पंचाईत.

उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. कुणी पाणी मागितलं नाही, म्हणजे त्याला तहान नाही असं धरून चालत नाही. पाणी कमी पडलं की लघवीला जंतुसंसर्ग होतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना सांगितलं जातं की वयामुळे भ्रम झालाय. आपल्याकडे कितीतरी जणींची हयात विड्या वळण्यात गेली. त्यांतल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड. शेवटी शेवटी तीच तोंडात उरते आणि रात्रीच्या मावशींना ती कळत नाही.

दुसरी गोष्ट जखमांची. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर, टाचांवर कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. हे सगळं पांघरुणाखाली. वाढदिवसाला, पुण्यतिथीला अन्नदान करायला जी मंडळी येतात त्यांची भावना खरी असते, पण ती हॉलमध्ये जेवण वाढून, फोटो काढून परततात. माझी त्यांना विनंती आहे, आतल्या खोलीतही जा. खाटेजवळ बसून पाणी पाजा, पाठ कशी आहे ते विचारा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण अंथरुणावरच्या माणसानं प्रांत कार्यालय गाठायचं कसं? प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान 150 जणांच्या सोयीच्या वृद्धाश्रमाची तरतूद त्यात आहे, मात्र ती सरकारवर बंधनकारक नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि सेवेचा किमान दर्जा यांसाठी 2019 मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. तेही मंजूर झालं नाही.

म्हणून जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण खात्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. येत्या उन्हाळ्याआधी सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमाची आणि शुश्रूषागृहाची तपासणी करा. ती न कळवता करा, एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री. सोबत डॉक्टर आणि परिचारिका न्या. रजिस्टरवर सही करून परतू नका. पांघरूण बाजूला करून पाठ, टाचा बघा. रात्री किती माणसांमागे किती मावशी आहेत ते लिहून घ्या आणि दर्शनी फलकावर लावा. तेलुगू-कन्नड समजणारी एक तरी व्यक्ती पाळीवर असलीच पाहिजे, अशी अट घाला. तपासणीला येण्यासाठी आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका शहरात आहेत. बोलावलंत तर मी स्वतः मोबदला न घेता येईन.

तोवर कुणाला असं दुर्लक्ष दिसलं तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत हेल्पलाइनवर जरूर कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर