बाबा, ते ॲप मी काढलं

प्रिय आई-बाबा,

सोमवारी सकाळी बाबा फोन घेऊन खुर्चीत बसले, तीन-चार वेळा पडदा इकडून तिकडे सरकवला आणि मग "अगं, ते हिरवं चित्र कुठं गेलं?" असं विचारत घरभर फिरले, हे आईने मला सांगितलं. बाबा, ते आपल्या म्युच्युअल फंडाचे पैसे दाखवणारं ॲप हरवलेलं नाही. मी काढलं. निघायच्या आदल्या रात्री, तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. विचारलं नाही, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मी कुठं एवढं बघतो?" आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. चार दिवस फोनवर इकडचं तिकडचं बोलतेय, मुद्द्याचं काही तोंडातून निघत नाही. प्रगतिपुस्तक सहीला आणायच्या वेळी व्हायचं ना, अगदी तसंच. म्हणून लिहितेय.

आधी काळजी नको म्हणून सांगते. पैसे जागच्या जागी आहेत. खातं तुमच्याच नावावर, पासवर्ड तुमचाच, ओटीपी तुमच्याच फोनवर येणार, नॉमिनी आईच. तुमच्याशिवाय त्यातला एक पैसा मीही हलवू शकत नाही. स्टेटमेंट ईमेलवर येत राहील. गेलं ते फक्त पडद्यावरचं चित्र. आणि परत घालायचंच म्हटलं तर दोन मिनिटांचं काम आहे, शेजारचा मुलगाही घालून देईल. (त्याला सांगू नका हं.)

घरखर्चाचा तर त्या आकड्याशी काडीचाही संबंध नाही. पुढच्या पाच वर्षांना लागेल एवढं सगळं ठेवींमध्ये वेगळं काढलंय, आपण तिघांनी बसूनच काढलं होतं. तुमच्या गोळ्या, आईच्या गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई, विजेचं बिल, वर्तमानपत्र, गच्चीची गळती, सगळं त्यातून. शेअर बाजारावर चालणाऱ्या फंडात आहेत ते शंभरातले तीस. ते उद्या वीस टक्क्यांनी पडले तरी एकूण शंभरातले सहा कमी झालेले दिसतील, आणि तेही दिसतीलच फक्त, कारण ते पैसे आपल्याला आत्ता नकोच आहेत. तुमची सकाळ जशी आहे तशीच राहील. आईने पंखा कमी करायची, दिवे लगेच मालवायची काहीएक गरज नाही. आई, तुला बोलतेय मी. मागच्या वेळी अंधारात शिवत बसली होतीस.

मग काढलं कशासाठी? गुरुवारच्या रात्रीसाठी. अडीचला पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये मिट्ट काळोख आणि त्यात फक्त तुमचा चेहरा, खालून उजेड पडलेला, चष्मा कपाळावर. अंगठ्याने तुम्ही पडदा खाली ओढत होतात. ते गोल चक्र फिरायचं, थांबायचं, तोच आकडा परत यायचा. की पुन्हा ओढायचं. मी सहा वेळा मोजलं. "काय करताय?" म्हटलं तर म्हणालात, "किती वाजले ते बघत होतो." तुमच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मी "बरं" म्हणाले आणि जाऊन पडले. झोप कसली लागतेय.

रात्री अडीचला बाजार बंद असतो हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे आपले पैसे साध्या फंडात आहेत, आणि अशा फंडाचा भाव दिवसातून एकदाच ठरतो, बाजार बंद झाल्यावर हिशेब करून. सकाळी दहाला, साडेअकराला, जेवायच्या आधी, जेवल्यावर, वामकुक्षीच्या जागी तुम्ही जो आकडा बघता तो कालचाच असतो. दिवसभरात आठ वेळा तुम्ही कालचा दिवस बघता.

दुसऱ्या दिवशी आईने मला तुमची बीपीची वही दाखवली. रागावू नका तिच्यावर, मीच मागितली. प्रत्येक आकड्याच्या बाजूला पेन्सिलीने बारीक बाण काढलेत. मला वाटलं बीपी वाढलं-उतरलं त्याचे. मग तारखा लावून पाहिल्या. ते बाण बाजाराचे आहेत, बाबा. आणि खाली तोंड केलेल्या बाणांच्या दिवशी वरचा आकडा बहुतेक वेळा १५० च्या पुढे. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही बातम्यांच्या चॅनेलसमोर बसून मोजता.

आणि हे खूळ घरात आणलं कुणी? मीच. सगळं ठेवीत ठेवलं तर महागाई कुरतडते, असं व्याख्यान मी दिलं. ॲप मी घातलं. पडदा असा खाली ओढला की ताजं दिसतं, हेही मीच शिकवलं आणि तुम्हाला पहिल्याच खेपेला जमलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. कधी बघायचं नाही ते शिकवायचं राहिलं, कारण ते मलाच येत नव्हतं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. २०२० साली मी नवीनच गुंतवायला लागले होते. दिवसातून पंधरा-वीस वेळा बघायचे. मीटिंगमध्ये टेबलाखाली, जिन्यात, दात घासताना. फेब्रुवारी-मार्चमध्ये जगभरचे बाजार कोसळले. अमेरिकेचा एस अँड पी ५००, म्हणजे तिकडच्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, महिन्याभरात ३४ टक्के खाली आला. दर तासाला माझ्या पोटात खड्डा पडायचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री मी सगळं विकायला लावलं. इतकं हलकं वाटलं की त्या रात्री गाढ झोपले. एस अँड पीने तळ गाठला तो २३ मार्चला, म्हणजे माझ्या आदल्या-मागल्या दिवसांतच, आणि ऑगस्टमध्ये तो नव्या उच्चांकावर होता. मी मात्र "अजून जरा खाली येऊ दे, मग घेते" म्हणत वर्षभर काठावर बसून. बघितलं नसतं तर विकलं नसतं. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, "तुझं सगळं ठीक ना?" आणि मी "हो हो" म्हणाले होते. तेव्हा घड्याळ बघणारी मी होते.

तुम्हाला आकड्याशिवाय काही पटायचं नाही, म्हणून आकडे. कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, आणि पुढे त्यांच्याच मोजणीत ते साधारण दुप्पट निघालं. (हरवलेल्या छत्रीचं तुम्ही अजून काढता. सापडलेल्या पाकिटाचं कधी काढलंत?) आता तुमच्या पद्धतीने जमा-नावे मांडा. अमेरिकेच्या बाजाराचा लांबचा इतिहास पाहिला तर शंभरातले सुमारे ५३ दिवस वर जायचे, ४७ खाली. वर गेला की आनंदाचा एक गुण, खाली गेला की दुःखाचे दोन. ५३ जमा, ९४ नावे. म्हणजे बाजार मस्त चाललेला असताना रोज बघणाऱ्याच्या पदरी ४१ गुणांचं निव्वळ दुःख! वर्षातून एकदा बघणाऱ्याला चारपैकी साधारण तीन वर्षं वरची दिसतात. ७५ जमा, ५० नावे. बाजार तोच, पैसेही तेच. बेनार्त्झी आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये याच धाग्यावर शोधनिबंध लिहिला.

अजून एक, कारण हे वाचून मला स्वतःला धक्का बसला होता. १९ ऑक्टोबर १९८७ ला न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. लोकांना जगबुडी आल्यासारखं वाटलं. त्या वर्षी १ जानेवारीला झोपून ३१ डिसेंबरला उठलेल्या माणसाला तोच निर्देशांक दोन टक्के वर दिसला असता.

तुम्ही म्हणाल, मी नुसतं बघतो, हात कुठं लावतो? लावणार होतात. मागच्या महिन्यात एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला जाणारा हप्ता, थांबवायचं बटण कुठे असतं ते तुम्ही मला "सहज" विचारलं होतंत. बघत राहिलं की हात शिवशिवतात. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ घरांची १९९१ ते १९९६ या काळातली शेअरची खाती तपासली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले, आणि सगळ्यात जास्त घे-वीक करणाऱ्यांच्या हाती पडले ११.४. ही माणसं आळशी नव्हती, उलट फार जागरूक होती.

बाबा, मला तो ताप आठवतो. दुसरीत की तिसरीत होते. तुम्ही दर दहा मिनिटांनी थर्मामीटर झटकून माझ्या काखेत घालायचात, दिव्याखाली धरून तिरका करून पारा शोधायचात, आणि तुमचा चेहरा बघून मला कळायचं की मी जास्त आजारी आहे. शेवटी आईने तो तुमच्या हातातून काढून कपाटावर मागे टाकला आणि म्हणाली, "मोजल्याने उतरत नाही. पट्ट्या बदला." मग रात्रभर तुम्ही पट्ट्या बदलल्यात. काचेच्या भांड्यातलं पाणी, तुमचा ओला गार हात, तुम्ही हळू आवाजात म्हणत असलेला पाढा. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुरक्षित रात्र ती, बाबा. मला तुमचा तो हात हवाय, पडदा ओढणारा अंगठा नकोय.

मला कळतं की तुम्ही हावेपायी बघत नाही. चाळीस वर्षं रोजकीर्द लिहिलेला माणूस. आयुष्यभराची कमाई कुठेतरी ठेवलीय आणि तिच्यावर लक्ष ठेवणं हे आपलं काम आहे असं तुम्हाला वाटतं. न बघणं म्हणजे कामचुकारपणा. म्हणून काम काढून घेत नाहीये, बदलून देतेय.

निळी वही पाठवलीय, मिळाली असेल. तिच्यात दर महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता गेला की फक्त युनिट्स, म्हणजे फंडातले आपले हिस्से, लिहायची. भाव लिहायचा नाही. युनिट्स किती झाली एवढंच. ती विकल्याशिवाय कमी होत नाहीत, बाजार पडला तर उलट त्याच हप्त्यात थोडी जास्त मिळतात. हा आकडा तुम्हाला आवडेल. दर तीन महिन्यांनी पहिल्या रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल करेन, तेव्हा आपण दोघं मिळून भाव बघू. वर्षातून एकदा तीस-सत्तरचं प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा जास्त हललंय का ते तपासू आणि हललं असेल तर सारखं करू. मधल्या काळात काही बघितलं नाही म्हणून काहीही चुकत नाही.

पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवा, आत्ता, डोकं शांत असताना: "बाजार वीस टक्के पडला तर काही करायचं नाही, मुलीला फोन करायचा." खाली तारीख आणि सही. तुमची सही मोडायची हिंमत तुम्हालाही होणार नाही.

आता सूचना, आणि यात घासाघीस चालणार नाही. फोन रात्री नऊनंतर हॉलमधल्या कप्प्यात. झोपायच्या खोलीत गजराचं जुनं घड्याळ न्यायचं, म्हणजे किती वाजले ते बघायला फोन लागणार नाही. ते बाजाराचं चॅनेल बंद. खाली पळणारी पट्टी बघत बीपी मोजायचं नाही. वहीतले बाण पुसा. फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणी "हा शेअर घ्या" म्हणालं तर हसून "मुलगी बघते" म्हणायचं, खोटं असलं तरी. परताव्याची हमी देणारा फोन आला की ठेवून द्यायचा, नम्रपणे बोलत बसायचं नाही. आणि ओटीपी कुणालाही नाही, मलासुद्धा नाही.

पहिले आठ-दहा दिवस हात सारखा खिशाकडे जाईल. माझा जायचा. तेव्हा मला फोन करा. मी कामात असेन, तरी करा. दोन वेळा केलात तर दोन्ही वेळा उचलेन.

रागावला असाल तर तसंही सांगा. आणि पुढच्या महिन्यात आले की तुम्हाला ते चित्र परत हवंच असेल, तर मी स्वतः घालून देईन, कुरकुर न करता. खरंच.

तुमची,
माऊ

ता. क. आई, बाबा आता तुझा फोन मागतील. फोटो बघायचेत म्हणतील. देऊ नकोस.