हार्डविक हॉलमधल्या मराठी काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला न विचारता तुमचं नाव जाहीर लिहिणं बरं दिसणार नाही, म्हणून नुसतं ‘काका’. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या त्या टेकडीवरच्या जुन्या हवेलीत आईला आणि मला तुम्ही जो वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

बाहेरून नुसत्या काचाच काचा आणि आत एवढा अंधार कसा, असं आम्ही बोलत होतो. मागून तुम्ही मराठीत म्हणालात, “जुन्या कापडांना ऊन लागू नये म्हणून पडदे ओढलेत हो!” आईचा चेहरा काय खुलला!

मग तुम्ही घर उलगडून दाखवलंत. बेस ऑफ हार्डविक, म्हणजे एलिझाबेथ टॅलबट, हिने १५९० मध्ये बांधकाम काढलं आणि १५९७ मध्ये ती राहायला आली. चार लग्नं, चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल, म्हणजे बडा उमराव. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. काच त्या काळी भयंकर महाग, पण बेसची स्वतःची काचेची भट्टी होती. तरी एवढ्या खिडक्या पाडल्यावर भिंती तगल्या कशा, हे मला तुमच्यामुळे कळलं. धुराडी बाहेरच्या भिंतींत न घेता घराच्या मधल्या जाड भिंतींत घेतली, म्हणून बाहेरची बाजू काचेला मोकळी झाली. वर जावं तशा खिडक्या उंच होत जातात, कारण मानाच्या पाहुण्यांची दालनं सगळ्यात वर. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ‘ई एस’ (एलिझाबेथ श्रूजबरी) ही अक्षरं मी मान दुखेपर्यंत बघत राहिले.

लाँग गॅलरीतल्या बायबलमधल्या गिडियनच्या गोष्टीच्या १३ टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं, मात्र तुमच्याशिवाय आम्ही नुसत्या बघून पुढे गेलो असतो. त्या मूळच्या हॅटन घराण्याच्या. बेसने १५९२ मध्ये विकत घेतल्या, हॅटनच्या चिन्हांवर स्वतःची चिन्हं लावून घेतली आणि त्या खर्चापोटी किमतीत ५ पौंडांची सूट मिळवली. हॅटनच्या हरिणीला शिंगं जोडली की झालं बेसच्या दुसऱ्या नवऱ्याच्या कॅव्हेंडिश घराण्याचं हरिण! आई म्हणाली, “पक्की व्यवहारी बाई.” मला बेस आवडली ती त्या ५ पौंडांसाठी.

अर्बेलाबद्दल तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. बेसची नात, इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगू शकेल अशी, म्हणून आजीच्या कडक पहाऱ्यात वाढलेली. पुढे १६१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच गेली. एवढं उजेडाचं घर त्या पोरीला कोंडवाडाच वाटलं असणार.

आणि एव्हलिन, डेव्हनशायरची डचेस. चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचं, म्हणजे बेसच्याच वंशजांचं, मोठं घर, त्यामुळे हार्डविकमध्ये फारशी मोडतोड झाली नाही. १९५९ मध्ये वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली, तरी म्हातारपणी एव्हलिन तिथेच होती, घरातली जुनी कापडं स्वतः सुईदोऱ्याने सांधत. आई गोधड्या शिवते, त्यामुळे तिला सगळ्यांत जवळची वाटली ती हीच बाई. जिना आईला जड जात होता. तुम्ही प्रत्येक वळणावर थांबलात, घाई केली नाहीत, हे ती घरी सगळ्यांना सांगते.

पुण्याला आलात तर आमच्याकडेच उतरा. आईने तिच्या गोधडीचे टाके तुम्हाला दाखवायचे ठरवलेत.

तुमची कृतज्ञ,
पुण्याची एक वास्तुवेडी