चालू संगणक भंगारात, आणि शाळेची खोली पूजेच्या अटीवर : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारातून संगणकांनी भरलेला टेम्पो भंगारात गेला. हेच संगणक आम्हाला देण्याचे त्या कार्यालयाने लेखी कबूल केले होते. पत्रावर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, सही आहे. मधल्या काळात साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, आधीच्या अधिकाऱ्यांनी काय लिहून दिले त्याला मी बांधील नाही. सरकारी कागदाची किंमत सही करणाऱ्याच्या बदलीपर्यंतच असेल, तर नागरिकाने कशावर विश्वास ठेवायचा, एवढे आपण मला सांगावे.

आम्ही सात-आठ जण आहोत. कोणी सातपूरच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, कोणी कॉलेजात शिकते, एक निवृत्त शिक्षिका आहेत. मी स्वतः अंबडला पॅनेल वायरिंग करून निवृत्त झालो. दर रविवारी आम्ही लोकांनी टाकून दिलेले संगणक उघडतो, दुरुस्त करतो आणि वडाळा, भद्रकाली, फुलेनगर अशा वस्त्यांमधल्या मुलांना देतो. मुलांना देण्याआधी त्यांच्याकडूनच ते उघडून घेतो.

टाकलेले बहुतेक संगणक मेलेले नसतातच. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपलेली असते, आणि तारीख-वेळ विसरते म्हणून मशीन खराब ठरते. रॅमच्या सोनेरी पट्टीवर काजळी धरलेली असते, ती खोडरबराने घासली की पडद्यावर चित्र येते. कुठे एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेलेला असतो, कुठे कपॅसिटर फुगलेले असतात, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, टाकली, रॅम चार जीबी केली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली, की दहा वर्षांपूर्वीचा संगणक मुलीला लिहायला, गणिताचे आलेख काढायला, स्क्रॅच या मुलांसाठीच्या भाषेत पहिला प्रोग्रॅम करायला पुरून उरतो. सगळे सुटे भाग धरून खर्च दोन हजारांच्या आत. टेम्पोत चाळीसेक मशीन होती, शिपाई म्हणतात त्याहून जास्त. चाळीसच धरा. तेवढी नवी घ्यायची तर प्रत्येकी चाळीस हजारांप्रमाणे सोळा लाख लागतात. आमच्या हातून ती ऐंशी हजारांत उभी राहिली असती, आणि तो पैसाही आम्ही खिशातूनच घालणार होतो.

निर्लेखनाचे, म्हणजे वस्तू नोंदवहीतून काढून टाकण्याचे, कारण काय दिले? "कालबाह्य." आता यातली गोम ऐका. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. म्हणजे आदल्या दिवशी ज्या मशीनवर बाबू पगारपत्रके काढत होते, ते अमेरिकेतल्या एका कंपनीच्या वेळापत्रकाने भंगार ठरले. घराला रंग द्यायचा झाला म्हणून कोणी घर पाडत नाही. जडवस्तू नोंदवहीत लाल रेघ मारताना एकाही माणसाला वाटले नाही की यावर दुसरी प्रणाली चालेल का, हे विचारावे.

आणि दुसरी प्रणाली ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. सरकारी कामात ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड सगळ्यांना खुला असलेले, सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण केंद्र सरकारनेच २०१५ मध्ये जाहीर केले. बॉस लिनक्स ही भारतीय लिनक्स आवृत्ती सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेने बनवली, आणि सी-डॅकचे मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. केरळने तर या शतकाच्या सुरुवातीपासून 'आयटी अ‍ॅट स्कूल' या प्रकल्पात शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर नेले. आज तिथे काइट ही सरकारी संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते, शिक्षकांना शिकवते आणि 'लिट्ल काइट्स' नावाने मुलांचे गट चालवते. परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचले, असे त्यांचेच म्हणणे आहे. निम्मे खोटे धरले तरी दीड हजार कोटी होतात. महाराष्ट्राला हे का जमू नये? आमच्या मुलांच्या बोटांत काय कमी आहे?

टेम्पो ज्या वाटेने गेला तिकडेही पाहा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कार्यालयांनी असला माल नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा असतो, आणि जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही त्या नियमांत जागा आहे. हा भंगारवाला नोंदणीकृत होता का, असे मी विचारले. "तुम्ही कोण विचारणारे?" हे उत्तर मिळाले. मी नागरिक आहे, तो विचारणारच. जिथे नोंदणी नसते तिथे वायरी जाळून तांबे काढतात, बोर्ड आम्लात बुडवून सोने काढतात, आणि तो शिशाचा धूर भंगार वेचणाऱ्यांच्या पोरांच्या छातीत जातो. ज्या मुलांसाठी हे संगणक मागत होतो, त्यातली काही त्याच घरांतली आहेत.

आता दुसरी गोष्ट, जिने मला संगणक गेल्यापेक्षाही जास्त दुखावले. एका सार्वजनिक शाळेतली खोली आम्हाला रविवारी वापरायला मिळणार होती. शब्द दिलेला होता. किल्ली घ्यायला गेलो तर सांगण्यात आले, आधी पूजा ठेवा, नारळ फोडा, प्रसाद वाटा, मग वर्ग सुरू करा. मी नम्रपणे नाही म्हटले. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत, आणि माझ्यासारखी कशालाच न मानणाऱ्या घरातलीही आहेत. संगणक सुरू व्हायला वीज लागते. माझा कोणाच्या श्रद्धेवर राग नाही. माझी आई शेवटपर्यंत रोज देवापुढे दिवा लावायची, आणि तिची वात विझू नये म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो. पण ते तिचे घर होते. ही शाळा सरकारची, म्हणजे सगळ्यांची आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणे हे कलम ५१ क प्रमाणे माझे कर्तव्य आहे. मी ते कर्तव्य करायला गेलो आणि मला किल्ली नाकारण्यात आली.

वर मला विचारले गेले, "तुमच्या मागे कोण आहे?" एकाने हसत हसत, कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध म्हणून आणलेल्या जनसुरक्षा कायद्याचे नाव काढले. ते विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले तेव्हा सामान्य माणसाला भिण्याचे कारण नाही, असे सांगितले गेले होते. मग सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन शाळेच्या दारात उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसाला त्या कायद्याची आठवण का करून दिली जाते? त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगी म्हणाली, बाबा, सोडा आता हे. माझी कंबर गेली आहे, सोल्डरिंगच्या धुराने डोळे चुरचुरतात, बाहेरच्या खोलीत कॅबिनेटची रास लागली आहे आणि पाहुणा आला तर त्याला बसवायला जागा नाही. पेन्शन म्हणून जे काही हातात पडते त्यातून एसएसडी घेतो. तरी कधी कोणापुढे हात पसरला नाही. फक्त टाकून दिलेले मागितले.

हे नाशिक आहे, महोदय. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे पाच वर्षे लावून धरला. त्या लोकांना देवळात शिरू दिले नाही. आज त्यांच्या नातवंडांना सरकारी खोलीत शिरायचे तर आधी देव मानल्याचे दाखवा, अशी अट घातली जाते. दाराशी उभा राहून कोण आत येईल हे ठरवणारा माणूस तोच आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी इथे हजारो कोटींचे आराखडे होतात, तपोवनातली सुमारे अठराशे झाडे तोडण्याचा प्रस्ताव निघतो, रस्ते रातोरात रुंद होतात. त्या पैशाला कोणी विचारत नाही, तुमच्या मागे कोण आहे. शाळेच्या संगणकाला मात्र तरतूद नाही. युडायस या शाळांच्या सरकारी नोंदीतल्या २०२३-२४ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जेमतेम ५७ टक्के शाळांत संगणक होता. बाकीच्या शाळांतल्या मुलांनी काय फळ्यावर खडूने कीबोर्ड काढून शिकायचे?

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मांडले होते की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आज वेगळे काय आहे? गंगापूर रोडवरच्या शाळेतला मुलगा रोबोटिक्स शिकतो. पालिकेच्या शाळेतल्या मुलीला संगणक दिसलाच तर त्यावर "हात लावू नये" अशी चिठ्ठी असते. डिजिटल शाळेची पाटी दारावर, आणि आत वीजबिल थकल्याने मीटर बंद, हे मी जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिले आहे. यंत्र उघडण्याचा, आत काय आहे ते पाहण्याचा, बिघडले तर स्वतः नीट करण्याचा हक्क हा ज्याच्याकडे पैसा आहे त्याचाच का असावा? अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो याच हट्टातून: प्रोग्रॅम चालवता यावा, वाचता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा. मला ही मागणी रोटीइतकी राजकीय वाटते.

आमच्या पुरोगामी मित्रांवरही माझा राग आहे, तो इथेच सांगतो. सभेला ते येतात, घोषणा देतात, आणि माझे काम पाहून "छान छंद आहे" म्हणतात. ज्ञान मूठभरांच्या हातात राहू नये असे भाषणात म्हणायचे आणि यंत्राचे झाकण उघडायला मात्र दुकानदाराकडे जायचे, हे मला पटत नाही. डॉ. दाभोलकरांनी शिकवले की कुठल्याही चमत्काराला 'कसे?' असे विचारा. आमच्या मुली झाकण उघडून तेच विचारतात. वडाळ्याच्या एका आठवीतल्या मुलीने मागच्या महिन्यात स्वतः एसएमपीएस तपासून, पिवळ्या वायरवर बारा व्होल्ट येत नाहीत हे शोधून काढले. तिला आता मी काय सांगू? तुझ्यासाठी ठेवलेले मशीन किलोवर गेले?

माझ्या मागण्या फार नाहीत. राज्यातल्या कुठल्याही कार्यालयाने संगणक निर्लेखित करण्याआधी तो लिनक्सवर चालतो का हे तपासावे, आणि चालत असेल तर तो आधी जवळच्या सरकारी शाळेला द्यावा, असा शासन निर्णय काढा. केरळात जाऊन एकदा पाहून या, पण शिष्टमंडळात दुरुस्ती करणारी माणसे न्या. शाळेची खोली शिकवण्यासाठी देताना कोणावर धार्मिक विधीची अट घालता येणार नाही, हे परिपत्रकाने स्पष्ट करा. आणि हा लॉट कोणत्या दराने, कोणाला, कोणत्या नोंदणीवर विकला, ते माहिती अधिकारात अर्ज करायला न लावता जाहीर करा.

त्याच कार्यालयात आणखी एक लॉट निर्लेखनाच्या यादीत आहे. मार्चअखेरच्या घाईत तोही टेम्पोत चढेल. मधली मुदत फार थोडी आहे, आणि तो थांबवायला आपल्या कार्यालयातून एक फोन पुरेसा आहे. तो फोन ३१ मार्चच्या आत करा. टेम्पोचे भाडे आम्ही भरू.

आपला,
सातपूर, नाशिक येथील एक नागरिक