अँप घेण्याआधी हे वाच

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गाडीच्या दारांतले स्पीकर बसले हे वाचून खरंच आनंद झाला. आता अँप, म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारा अँप्लिफायर, कुठला घ्यायचा, असं विचारलंयस आणि सोबत खोक्यांवरचे वॉटही उतरवून पाठवलेस. एकावर 2000, दुसऱ्यावर 1200. ते आकडे आधी खोडून टाक. ते ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’चे आहेत, म्हणजे फार तर क्षणभर मिळणारी ताकद. आपल्याला हवा आरएमएस, म्हणजे अँप सलग जितका देऊ शकतो तो आकडा. तोही किती ओहमवर (म्हणजे स्पीकरच्या किती विद्युतरोधावर) आणि किती व्होल्टवर मोजलाय ते लिहिलेलं असेल तरच धर. सीटीए-2006 (अँपची ताकद मोजण्याचं एक प्रमाण) असा उल्लेख दिसला तर चांगलंच, कारण त्यात 4 ओहम, 14.4 व्होल्ट आणि 1 टक्क्याच्या आत विकृती एवढं बंधन असतं.

उल्लेख नसेल तर फ्यूज बघ. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही तपासणी मला फार आवडते. तो 2000 वॉटवाला अँप उलटून बघितलास आणि त्यावर 30 अँपिअरचा एकच फ्यूज असला, तर हिशोब सरळ आहे: 30 गुणिले 14.4, म्हणजे 432 वॉट. सलग घेऊ शकेल तो एवढंच. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा प्रकार, असेल तर त्यातले साधारण 80 टक्के स्पीकरकडे जातात, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. क्लास एबी असेल तर अडीचशे-पावणेतीनशे, बाकीची उष्णता. 2000 कुठून येणार?

आता तुझी गरज. तुझ्या स्पीकरच्या मागे 75 वॉट आरएमएस, 4 ओहम लिहिलंय, असं तूच कळवलंस. तेव्हा प्रत्येक चॅनेलला, म्हणजे अँपच्या स्पीकरकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला, 4 ओहमवर 75 च्या आसपास देणारा अँप बघ. 100 चा मिळाला तरी हरकत नाही, गेन (अँपमधला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी कळ) आवरून ठेवायचा. पण त्या वाढीव 25 साठी जीव टाकू नकोस. वॉट दुप्पट केले तेव्हा कुठे आवाज 3 डेसिबलने चढतो. 75 वरून 100 म्हणजे सव्वा डेसिबल, कानाला जेमतेम कळेल. फार कमी ताकदीचा अँप मात्र घेऊ नकोस. तो लवकर दमतो, मग आपण आवाज आणखी वाढवतो, सिग्नलची टोकं कापली जातात आणि त्याचा पहिला फटका ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, बसतो.

चॅनेल किती? मला विचारशील तर एकच चार चॅनेलचा क्लास डी अँप घे. दोन चॅनेल दारांना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफरला (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाच्या स्पीकरला). एक डबा, एक वायर, डिक्कीत सामानालाही जागा उरते. फक्त इथे एक मेख आहे आणि तू वूफर अजून घेतलेला नाहीस म्हणून ती आत्ताच सांगतो. ब्रिज केल्यावर बहुतेक चार चॅनेलचे अँप 4 ओहमच्या खाली चालत नाहीत, कारण प्रत्येक चॅनेलला त्यातला निम्माच रोध दिसतो. तू लिहिलेला वूफर दोन कॉइलचा, प्रत्येकी 4 ओहमचा आहे. त्या कॉइल पॅरलल जोडल्या तर 2 ओहम होतात, अँप तापून प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. सिरीजमध्ये जोडल्या तर 8, ताकद निम्म्यावर येईल. म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. त्याऐवजी एका कॉइलचा 4 ओहमचा घे, नाहीतर दोन कॉइलचा पण प्रत्येकी 2 ओहमचा, सिरीजमध्ये जोडून बरोबर 4 होतात. तोच वूफर हवा असा हट्ट असेल, तर त्याला 2 ओहमवर चालणारा वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, अँप लागेल. खर्च वाढला तरी तसं कर, जुगाड करू नकोस.

कंपनीचाच स्टीरिओ ठेवणार आहेस ना? मग हाय-लेव्हल इनपुट असलेलाच अँप घे, स्पीकरच्या वायरीच थेट त्यात जातील. हाय-पास (खालचे सूर अडवणारा) आणि लो-पास (वरचे सूर अडवणारा) फिल्टर दोन्ही असू देत. सुरुवातीला दोन्ही 80 हर्ट्झवर ठेव, मग कानाने हलव.

वायरिंगवर कंजुषी नको, हे अगदी कळकळीने सांगतो. सगळं मिळून 400 वॉट आरएमएस धरले तर क्लास डी पूर्ण जोरावर 35 अँपिअर ओढेल. बॅटरीपासून अँपपर्यंत 4 गेज जाडीची शुद्ध तांब्याची वायर घे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला तशीच, पण तिचा रोध जास्त असतो. या वायरवर वेगळा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवाच. तो अँपसाठी नसतो, वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. बसवणारा ‘अँपवर आहे की फ्यूज’ म्हणाला, तर ऐकू नकोस. अर्थची वायर आखूड ठेव आणि जिथे बोल्ट बसेल तिथला रंग खरवडून लखलखीत पत्रा दिसू दे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती शिट्टी बहुतेक वेळा इथूनच येते.

शेवटी गेन. लोक तो आवाजाच्या बटणासारखा पिळतात. तू मल्टिमीटर काढ. स्पीकरच्या वायरी सोडव, स्टीरिओचे बास-ट्रेबल मध्यावर आणि आवाज पाऊणवर ठेव, अँपचे फिल्टर बंद कर, 60 हर्ट्झचा टोन लाव आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढव. 75 गुणिले 4 म्हणजे 300, त्याचं वर्गमूळ 17.3. मीटरवर 17 दिसले की हात काढ. वूफरच्या चॅनेललाही असंच, त्याचे वॉट आणि ओहम घालून.

वूफरचं काय ठरवतोस ते कळव आणि अँपच्या मागच्या बाजूचा, फ्यूजचा आकडा वाचता येईल असा फोटो पाठव. तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद