घाट पाहून परतू नका, खोऱ्यात उतरा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत आंबोली, आंबा, कुंभार्ली, ताम्हिणी या घाटांची छायाचित्रे झळकू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ वाहतूक कोंडीच्या, हुल्लडबाजीच्या व अपघातांच्या बातम्याही येतात. मग बंदीचा आदेश निघतो, बंदोबस्त वाढतो, कुठे आणखी एक कठडा बांधला जातो. या उपायांची गरज मी नाकारत नाही. परंतु सिंधुदुर्गाचा रहिवासी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची खोरी अनेक वर्षे एसटीने व पायी हिंडलेला माणूस म्हणून एक गोष्ट मला सतत खटकते. आपल्याकडे येणारा बहुतेक प्रवासी डोंगर रस्त्यावरून पाहतो आणि रस्त्यावरूनच परत जातो. ज्या दरीचे छायाचित्र तो काढतो त्या दरीत वाड्या आहेत, त्या वेळी तिथे गुडघाभर चिखलात लावणी चालू आहे, याची त्याला गंधवार्ताही नसते. सबंध सहलीत ज्याच्याशी त्याचे बोलणे होते असा स्थानिक माणूस म्हणजे भाजलेले कणीस विकणारा.

कुडाळहून माणगावमार्गे शिवापूरला जाणाऱ्या एसटीत एकदा बसून पाहावे. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींचा जन्म १८५४ मध्ये माणगावात झाला, त्यामुळे तेथील दत्तमंदिरापर्यंत गाडीत भाविक असतात. पुढे मात्र गाडी निम्मी रिकामी होते आणि खरे खोरे तिथून सुरू होते. एका बाजूला भातखाचरे व माड-पोफळीच्या बागा, समोर क्षणोक्षणी जवळ येणारे सह्याद्रीचे कडे, आणि त्या कड्यांपुढे उभे असलेले मनोहरगड व मनसंतोषगड. आग्र्याहून सुटून आल्यानंतर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या मनोहरगडावर मुक्काम केला, तो हाच. शिवापुरात उतरले की पहिला प्रश्न येतो, ‘खंयसून इलात? कोणाकडे?’ काय पाहायला आलात, असे सहसा कोणी विचारत नाही, कारण परका माणूस या गावात कोणाच्या तरी घरी येतो, हे तिथे गृहीत असते. ‘कोणाकडेच नाही’ असे सांगितले की तोच माणूस आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसवतो, आणि चहा येईपर्यंत गडाची वाट, वाटेवरचे पाणी, यंदाचा पाऊस, मुंबईतल्या मुलाची नोकरी असे सारे बोलून होते.

अशा बैठकीत मला जे कळले ते एरवी कुठे कळले नसते. कोणता झरा वैशाखातही आटत नाही. कोणत्या उतारावर पूर्वी नाचणी आणि वरी पिकत असे व तिथे आता काजू का लागला. वालयसारखा गावठी लाल भात मागे का पडला आणि तरीही काही घरांत पेजेसाठी तो अजून राखून का ठेवला जातो. ऐन लावणीत मजूर मिळत नसल्याने कोणते कुणगे (भाताची खाचरे) पडीक राहिले. डोंगरउतारावरच्या धनगरवाड्यांत तर रस्ता न पोहोचल्याने आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावे लागते, हे मी तिथल्याच माणसांच्या तोंडून ऐकले आहे. खोऱ्याचे सौंदर्य यामुळे डोळ्यांआड होत नाही. उलट समोरचा हिरवा उतार कोणाच्या कष्टाने तसा राहिला आहे हे कळल्यावर तो अधिक नीट दिसू लागतो.

उत्तरेकडे खेड तालुक्यात खोपीहून रघुवीर घाट चढून गेले की सातारा जिल्ह्यातील कांदाटी खोरे लागते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे शिंदी, वळवण, आकल्पे यांसारखी गावे स्वतःच्याच महाबळेश्वर तालुक्यापासून तुटली. तिकडे जायचे तर पाणी ओलांडावे लागते, म्हणून बाजारहाटासाठी कोकणातले खेडच त्यांना जवळचे झाले. पायथ्याच्या आंबिवलीकडून डोंगरावरच्या चकदेव गावाला चढणारी शिड्यांची वाट आज गिर्यारोहकांच्या आवडीची झाली आहे, पण ती मुळात डोईवर ओझे घेऊन खाली उतरणाऱ्या माणसांची रोजची वाट होती. त्या वाटेने जाणाऱ्याने निदान एक रात्र वरच्या गावात काढावी, असे मला मनापासून वाटते. बहुतेक घरांत आता वडीलधारी माणसेच उरली आहेत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

इथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कोकणातल्या घरात दारी आलेल्या माणसाला जेवू घालून त्याचे पैसे घेणे आजही अनेकांना संकोचाचे वाटते. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि आगळाची सोलकढी वाढणारी मावशी ‘पैसे कसले?’ असे म्हणते, आणि शहरातून आलेली मंडळी ते खरे मानून आभार मानून निघून जातात. एकदोन पाहुण्यांचे ठीक आहे. मात्र रविवारमागून रविवार असे होऊ लागले तर ते घर थकते आणि गाव परक्यांना टाळू लागते. म्हणूनच घरगुती निवासाची रीतसर नोंदणी व जाहीर दर असणे महत्त्वाचे आहे, कारण दर आधीच ठरलेला असला की यजमानाचा संकोच जातो आणि पाहुण्याला सबब उरत नाही. शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आले. मग खोऱ्यांतल्या वाड्यांत अशी घरे मोजकीच का? एक मोठे कारण आपल्या सातबाऱ्यात आहे. घर आणि जमीन सामाईक, नावे चुलत्यांची, आत्यांची, मुंबई-पुण्याला गेलेल्या भावंडांची. दोन खोल्या नीट करून स्वच्छतागृह बांधायचे म्हटले आणि त्यासाठी कर्ज काढायचे ठरवले तर इतक्या जणांची संमती मिळवता मिळवता हौस विरते. प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर अशी नोंदणी करता आली पाहिजे, आणि त्यासाठीची कागदपत्रे तालुक्याच्या फेऱ्या न मारता गावातच पूर्ण झाली पाहिजेत.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही गावाशी ओळख असण्याला पर्याय नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि त्याच दिवशी चिपळूण शहर पुरात बुडाले. या खोऱ्यांतील माणसे पावसाकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको. व्हाळाचे (ओढ्याचे) पाणी अचानक गढूळ झाले की वर डोंगरात पाऊस कोसळतो आहे व ओढा ओलांडणे थांबवायला हवे, हे तिथल्या गुराख्यालाही ठाऊक असते. त्याच्याशी एक शब्दही न बोलता धबधब्याखाली उतरणारा प्रवासी जेव्हा अडकतो, तेव्हा दोर घेऊन सर्वांत आधी धावतात ती त्याच वाडीतली मुले. ती वेळ येण्याआधीच दोन शब्द विचारून घेण्याची सवय आपल्याला का लागू नये?

गावात उतरणाऱ्याने काही पथ्ये पाळणे अर्थातच आवश्यक आहे. पाणंदीच्या तोंडाशी गाडी उभी केली की नांगर, पॉवर टिलर, प्रसंगी रुग्णवाहिकाही अडते. देवराई ही देवाची आणि गावाची असते. तिथले वाळलेले लाकूडही गावकरी विचारल्याशिवाय उचलत नाहीत, मग तिथे चूल मांडण्याचा प्रश्नच येत नाही. लावणी करणाऱ्या बायकांची छायाचित्रे न विचारता काढणे मला असभ्यपणाचे वाटते. बांधावर जाऊन नाव सांगावे, त्यांचे विचारावे, आणि त्यांनी होकार दिला तर मग काढावे.

गर्दी गावात गेली तर गावेही नासतील, असा आक्षेप माझ्या परिचयातील काही जाणकार घेतात. हा आक्षेप हलका नाही. म्हणूनच किती माणसे यावीत, कोणत्या महिन्यांत यावीत आणि कोणत्या जागा वर्ज्य असाव्यात, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा असला पाहिजे. आंबोलीचे उदाहरण माझ्यासमोर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावातील हिरण्यकेशीच्या मंदिराजवळ ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी प्रजाती आढळल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. हा इवलासा मासा तिथे टिकला, कारण ते देवाचे पाणी म्हणून गावाने पिढ्यानपिढ्या राखले होते. धबधब्यावर भिजून परतणाऱ्या प्रवाशाला मंदिरापर्यंत नेऊन ही हकीकत सांगणारा आंबोलीचा तरुण मिळाला, तर त्या तरुणाला गावातच काम मिळेल आणि प्रवाशाला आंबोलीची खरी ओळख होईल.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. तेव्हापासून जो खर्च होताना मला दिसतो त्याचा ओढा कमानी, कठडे आणि ‘पॉइंट’ बांधण्याकडे आहे. त्याऐवजी मोडलेला साकव बांधावा, जुन्या पाखाड्यांचे (दगडी पायवाटांचे) दगड पुन्हा बसवावेत, खोऱ्याच्या तोंडाशी गावांची नावे व अंतरे दाखवणारे मराठी फलक लावावेत. कोकण रेल्वे १९९८ पासून खेड, चिपळूण, संगमेश्वर, वैभववाडी, कुडाळ, सावंतवाडी अशी थेट खोऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंत माणसे आणून सोडते. तिथून पुढे नेणारी संध्याकाळची वस्तीची एसटी मात्र प्रवासी कमी म्हणून ठिकठिकाणी बंद होते. ही गाडी चालू राहिली तर शाळेची मुले, बाजाराला गेलेली माणसे आणि पाठपिशवी घेतलेला पाहुणा एकाच बाकावर बसतील, आणि ओळख होण्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती करतो. पावसाळ्यात धबधब्यांच्या छायाचित्रांबरोबर दर आठवड्याला एका खोऱ्याची माहिती छापावी: तिथे जाणाऱ्या एसटीच्या वेळा, नोंदणी झालेल्या घरगुती निवासांची यादी, गावाने घातलेली बंधने आणि ग्रामपंचायतीचा संपर्क. आरंभ माणगाव खोऱ्यापासून करायचा असेल तर शिवापूरच्या गाडीच्या वेळा आगारातून तपासून मी आपल्याला कळवीन.

आपला,
एक वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग